मूठ सैल, मनगट शाबूत

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरला मैदानी खेळ मागे पडतात आणि टेबल टेनिस रंगतं. मनगटाची दुखणी उपटायलाही हेच दिवस सोयीचे. दमट हवेत रबरावरून चेंडू घसरतो, तळव्याला घाम सुटतो, आणि खेळणारा बॅट आणखी आवळून धरतो.

तिथल्या एका हौशी खेळाडूच्या अंगठ्याच्या मुळाशी अशीच कळ येऊ लागली. बॅट जड असेल, म्हणून त्यानं हलकी घेतली. कळ कायम! रबरांसकट बॅट भरते जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम, चेंडू तर २.७ ग्रॅमचा. फटका मारून झाल्यावरही त्याची मूठ सुटत नव्हती, हे मात्र कोणी पाहिलंच नव्हतं.

आज बहुतेकांची पकड शेकहँड, म्हणजे हस्तांदोलन करावं तशी. तीत अंगठा पात्यावर सतत रुतवून ठेवला, की त्याच्या कंडरांवर मनगटाच्या कडेला ताण येतो. बॅकहँड फ्लिकला मनगट वारंवार झटकलं, तर कोपराची बाहेरची बाजू ठणकते. हाच टेनिस एल्बो. नाव टेनिसचं असलं तरी तो टेबल टेनिसवाल्यांनाही सोडत नाही.

पेनहोल्डची, म्हणजे पेन धरावं तशा पकडीची, तऱ्हा निराळी. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा जपानचा हिरोजी सातो याच पकडीनं आणि स्पंजच्या बॅटनं जगज्जेता झाला. जुन्या पेनहोल्डमध्ये पात्याची एकच बाजू वापरतात. त्यामुळे डावीकडे आलेला चेंडूही शक्यतो झेप घेऊन फोरहँडनंच मारायचा. दक्षिण कोरियाच्या र्‍यू सुंग-मिननं २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकचं सुवर्ण असं धावूनच मिळवलं. बघायला झकास, पण गुडघ्यांना आणि कमरेला महाग. अंतिम सामन्यात हरलेला वांग हाओही पेनहोल्डवालाच, फक्त तो पात्याच्या मागच्या बाजूनं बॅकहँड मारी. त्यात धाव वाचते, मनगटाला जास्त वळावं लागतं.

आता त्र्यंबकेश्वरचा तो हौशी खेळाडू नवशिक्यांना आधी मूठ सोडायला शिकवतो. बॅट हातातून पडणार नाही इतकीच धरायची, चेंडू लागताना क्षणभर आवळायची. मूठ आणि रबर कोरडं ठेवायला टॉवेल जवळ हवा. पकड बदलायची असेल तर त्याच आठवड्यात रबर किंवा बॅट बदलू नये. नाहीतर कशानं दुखलं ते कळतच नाही.

अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवताना तीव्र कळ आली, किंवा बोटांना मुंग्या येत राहिल्या, तर पट्टा बांधून खेळणं रेटू नये. खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं आणि जाताना आपली बॅट सोबत न्यावी, म्हणजे पकड प्रत्यक्ष धरून दाखवता येते.