घराचे जोते आणि पाण्याची वाट

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



लागण, खोडवा, हुमणी, ठिबक यांवर आपण या पानावर नेहमी बोलतो. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून या वेळी राहत्या घराविषयी लिहीत आहे. उसाचे नुकसान दोन हंगामांत भरून काढता येते. पडलेले घर मात्र आयुष्यभराचे कर्ज होऊन बसते.

गट कार्यालयात एका सभासदाने विचारले, "साहेब, पोरगा विरारला बोळिंजमध्ये फ्लॅट घेतोय. तिकडं पाणी भरतं म्हणतात. घ्यावा का नको?" आपल्या भागातली बरीच पोरे नोकरीपायी तिकडे आहेत, म्हणून आधी तिथलेच बघू.

बोळिंज, आगाशी, वटार हा पट्टा मूळचा बागायतदारांचा. केळी, पानवेली, फुले. एकोणिसाव्या शतकातल्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात वसईच्या बागायतीत उसाचीही नोंद आहे, म्हणजे ती माणसे आपल्याच जातकुळीची! त्यांच्या वाड्यांत 'बावखल' असायचे. बावखल म्हणजे वाडीतले खोलगट तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, मुरे, आणि समुद्र जवळ असूनही विहिरीचे पाणी गोडे राही. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र. डोंगराचे पाणी खाडीकडे जाते, पण भरती असली की खाडी ते घेत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते पाणी बावखलांत, भातखाचरांत, मिठागरांत थांबत असे. पुढे बरीच बावखले भराव टाकून बुजवली गेली, खाचरांवर इमारती आल्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे बंद पडली, मिठागरातली वस्ती अडकली. त्यानंतर महानगरपालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांच्याकडून अभ्यास करून घेतला. पाणी थांबवून धरणारे धारण तलाव हवेत, असे त्यात निघाले. धारण तलाव म्हणजे काय, तर मोठे बावखलच की.

तेव्हा त्या सभासदांना मी सांगितले ते असे. फ्लॅट बघायला दिवाळीत जाऊ नका, भर पावसात जा. इमारतीच्या जागी आधी काय होते, ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा. २०१८ ला पाणी कुठवर आले होते, हे कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार बिल्डरपेक्षा खरे सांगेल. विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप जमिनीपासून किती उंच आहेत ते बघा. समोरचा रस्ता इमारतीच्या आवारापेक्षा उंच झाला असेल, तर पाणी आत येणारच. एवढे बघून पटले तर घ्यावा, तळमजला मात्र नको.

आता आपल्या घरचे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. "२००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं, आताही थांबेल," म्हणत बरीच मंडळी घरातच बसून राहिली. पाणी २००५ ची खूण ओलांडून गेले, आणि मग नावा बोलवाव्या लागल्या. म्हणून गावात सर्वांत उंच पाणी कुठवर आले होते ती खूण शोधा. देवळाची किंवा शाळेची भिंत सहसा ती सांगते. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो, तिने ती खूण घराघराने पुढे नेत आपल्या भिंतीवर आणा आणि तेलरंगाने रेघ मारा. रेघ जोत्याच्या खाली असेल तर ठीक. वर असेल तर मीटर, बोर्ड, धान्याची कणगी, खताची पोती आणि कागदपत्रे रेघेच्या वर किमान दोन हात गेली पाहिजेत. नवीन बांधणाऱ्याने जोते त्या रेघेवरूनच धरावे.

एक गोष्ट सभासदांना रुचणार नाही, तरी लिहितो. ओढ्याच्या पात्रात बांध सारून ऊस लावणारे आपल्यातच आहेत. दोन सऱ्या वाढतात, पण वरच्या वस्तीचे पाणी तुंबते. ऊस वाहतुकीसाठी भराव टाकून केलेल्या काही शेतरस्त्यांना मोऱ्याच नाहीत, हेही तितकेच खरे. तो रस्ता पावसाळ्यात बंधाऱ्याचे काम करतो. बोळिंजला बावखल बुजले, आपल्याकडे ओढा बुजतो आहे.

भिंतीकडेही बघा. मातीत रचलेली दगडी भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण आतून तिचे दोन पदर सुटे असतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती आणि त्यांवरची जड मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. भिंतीला फुगवटा आला असेल तर दोन्ही पदर जोडणारे आरपार लांब दगड बसवून घ्यावेत. दरसाल माळवदावर नवी माती चढवण्याआधी जुनी काढावी. पुरात भिजलेली भिंत तर पुष्कळदा पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर बसते. तेव्हा पाणी उतरले म्हणून लगेच आत झोपू नये. आधी भिंत बघावी, आणि वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नये.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा आणि घराचे चारी बाजूंनी फोटो आत्ताच काढून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.

लेव्हलची नळी गट कार्यालयात ठेवली आहे. ज्यांना रेघ मारून घ्यायची आहे त्यांनी मृगाच्या आत चिटबॉयकडे नाव द्यावे. मोरी नसलेल्या रस्त्यांची नावेही त्याच्याकडेच द्यावीत.