नाते संपल्यानंतर मोटरसायकल विकावी का?

प्रेमसंबंध तुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वस्तूंविषयी घेतले जाणारे निर्णय बहुधा त्या वस्तूंशी जोडल्या गेलेल्या माणसाविषयीच असतात, आणि मोटरसायकलीच्या बाबतीत ही सरमिसळ विशेष तीव्र होते. कारण भेटवस्तू कपाटात बंद करता येते, छायाचित्रे पुसून टाकता येतात, परंतु जिच्या मागच्या आसनावर बसून ती व्यक्ती ताम्हिणी घाटातून कोकणात उतरली, तीच गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्यासाठी बाहेर काढावी लागते. ही वेदना खरी आहे आणि तिला क्षुल्लक लेखण्याचे कारण नाही. मात्र तिच्या भरात केलेली विक्री मालकाला किमतीत आणि कागदपत्रांत अशी दोन ठिकाणी नडते, असे या प्रसंगातून गेलेल्यांचा अनुभव सांगतो. आणि यांपैकी दुसरी अडचण कितीतरी अधिक गंभीर आहे.

किमतीच्या प्रश्नाचा विचार वर्तनविषयक अर्थशास्त्राने, म्हणजे माणसे प्रत्यक्षात व्यवहार कसे करतात याचा मानसशास्त्राच्या आधारे अभ्यास करणाऱ्या शाखेने, केलेला आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हाती आलेल्या साध्या मगाची किंमतसुद्धा त्याचा मालक खरेदीदारापेक्षा बरीच अधिक लावतो, असे आढळले. या प्रवृत्तीला स्वामित्व-परिणाम म्हणतात. जेनिफर लर्नर, डेबोरा स्मॉल आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांच्या 2004 मधील प्रयोगात मात्र दुःखद चित्रफीत पाहिलेल्या व्यक्तींनी जवळची वस्तू कमी किमतीला सोडण्याची आणि तीच वस्तू विकत घ्यायची असल्यास अधिक किंमत मोजण्याची तयारी दाखवली. प्रयोगातील वस्तू किरकोळ होत्या, म्हणून त्यांतील आकडे लाखाच्या वाहनाला लावणे योग्य ठरणार नाही. तरीही जुनी गाडी पडेल भावाने काढून पाठोपाठ नवी गाडी कर्जावर घेण्याचा जो क्रम या काळात घडतो, तो या निष्कर्षाशी जुळणारा आहे.

विकावी की ठेवावी या प्रश्नाच्या आधी गाडी कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न सोडवावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 2(30) नुसार सर्वसाधारणपणे ज्याच्या नावे नोंदणी असते तोच वाहनाचा मालक मानला जातो. त्यामुळे हप्ते दोघांनी मिळून भरले असले, तरी आरसी बुकावर दुरावलेल्या व्यक्तीचे नाव असल्यास तिच्या सहीवाचून गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. गाडी कर्जाची असेल तर तिच्यावर बोजा असतो, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत वित्तसंस्थेचा हक्क नोंदणीत लिहिलेला असतो, आणि तो उतरवण्यासाठी कर्जफेडीनंतर वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना 35 सादर करावा लागतो. याहून अवघड स्थिती जामीनदाराची असते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि नाते संपल्याने ती संपत नाही. या गोष्टींसाठी पुन्हा बोलणे नकोसे वाटते, हे समजण्यासारखे आहे. अशा वेळी दोघांच्याही विश्वासातील तिसऱ्या व्यक्तीमार्फत सर्व काही लेखी ठरवून घेणे सर्वांत कमी त्रासाचे असते.

नोंदणी स्वतःच्या नावे असणाऱ्याची फसगत निराळ्या वाटेने होते. गाडी डोळ्यांसमोरून जावी एवढ्याच इच्छेने मालक कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव-हस्तांतरणाच्या अर्जांवर, सह्या करतो, आरसी बुक आणि दोन्ही किल्ल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या हवाली करतो आणि पुढे चौकशी करण्याचेही टाळतो. मग काही महिन्यांनी कोणा अनोळखी चालकाने सिग्नल तोडल्याची ई-चलने त्याच्याच मोबाइलवर येऊ लागतात, आणि विसरण्यासाठी विकलेली गाडी पुन्हा पुन्हा समोर उभी राहते. गोष्ट दंडापुरती राहिली तर ते नशीबच समजावे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात 2007 मध्ये विकलेली आणि त्यानंतर अनेकांच्या हाती गेलेली मोटार 2009 मध्ये अपघातग्रस्त झाली होती, परंतु नोंदणी मूळ मालकाच्याच नावे राहिल्यामुळे भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 50 नुसार त्याच राज्यात नोंदलेल्या वाहनाच्या बाबतीत विक्रेत्याने 14 दिवसांच्या आत आणि खरेदीदाराने 30 दिवसांच्या आत हस्तांतरणाची माहिती द्यायची असते. विक्रेत्याची सूचना नमुना 29 मध्ये, तर हस्तांतरणाचा अर्ज नमुना 30 मध्ये असतो.

गाडी तूर्त ठेवायची झाल्यास ती निव्वळ उभी करून ठेवू नये. बॅटरी उतरते आणि पावसाळ्यात चेन गंजते, म्हणून विश्वासू मित्राकडून ती अधूनमधून चालवून घ्यावी. हप्ता खरोखरच झेपत नसेल तर विक्री लांबवण्यात शहाणपण नाही, आणि गाडीवर बसताच मन भरकटत असेल तर काही काळ बसने जावे, कारण घाटरस्ता बेसावधपणाची गय करत नाही. या दोन्ही अडचणी नसतील, तर निदान पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत निर्णय घेऊ नये आणि त्यानंतरही दोन-तीन ठिकाणी भाव काढल्याखेरीज सौदा करू नये. सौदा झालाच, तर परिवहन विभागाच्या नोंदीत खरेदीदाराचे नाव आल्याची खात्री स्वतः करून घ्यावी आणि विक्रीपावती, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत व नमुना 29 ची पोच त्यानंतरही जपून ठेवावी.