तिशी ओलांडलेला लाइनमन घेताना

मार्च २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह लाइनमन आरन डोनल्ड याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो माझ्या फँटसी फुटबॉलच्या डायनॅस्टी संघात होता. वय ३२, नुकत्याच संपलेल्या हंगामात आठ सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवड. सकाळपर्यंत त्याच्यासाठी कुणीही ड्राफ्टमधला चांगला पिक मोजला असता. बातमी आली आणि किंमत शून्य झाली. फँटसी क्रिकेटमध्ये सामना संपला की संघ मोडतो. डायनॅस्टीत खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडे राहतो, म्हणून त्याची उरलेली कारकीर्दही आपण विकत घेत असतो. तेव्हापासून तिशीपुढच्या डिफेन्सिव्ह लाइनमनचा भाव मी एकाच हंगामापुरता धरते. पुढे मिळेल ते वरकड.

पण नुसतं वय बघून त्याला काढून टाकणंही तितकंच महागात पडतं. २०२३ मध्ये पिट्सबर्गचा कॅमरन हेवर्ड जांघेच्या दुखापतीमुळे ११च सामने खेळला, दोन सॅक झाल्या. त्या हिवाळ्यात आमच्या लीगमध्ये त्याला कुणी विचारत नव्हतं. पुढच्या हंगामात, वयाच्या ३५व्या वर्षी, त्याने आठ सॅक केल्या आणि पुन्हा ऑल-प्रो झाला. त्याच २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कॅमरन जॉर्डनच्याही दोनच सॅक होत्या, पण त्या सगळे १७ सामने खेळून. आकडा एक, कारणं वेगळी. मैदानाबाहेर बसल्यामुळे कमी झालेले गुण परत येऊ शकतात. मैदानावर असूनही आटलेल्या गुणांवर मी पैज लावत नाही.

म्हणून सॅक मी सर्वांत शेवटी बघते. सॅक लहरी असते: क्वार्टरबॅकने अर्धा सेकंद आधी चेंडू सोडला की हुकते. आधी स्नॅप (तो मैदानात असलेल्या खेळी) बघायचे, तेही हंगामाच्या उत्तरार्धातले. म्हाताऱ्या खेळाडूला प्रशिक्षक एकदम बसवत नाहीत; आधी पहिल्या-दुसऱ्या डाउनला (चेंडू पुढे नेण्याच्या प्रयत्नाला) विश्रांती देतात आणि फक्त पासच्या वेळी उतरवतात. त्यात धावेवरचे टॅकल जातात, आणि दर आठवड्याचे खात्रीचे गुण तेच असतात. माझी पद्धत साधी आहे. मागच्या वर्षाच्या सॅक निम्म्या करायच्या, गुण पुन्हा मोजायचे. तरीही तो आपल्या सुरुवातीच्या फळीत बसत असेल तरच बोलणी.

लीगचे नियमही नीट वाचा. डिफेन्सिव्ह टॅकलची जागा वेगळी भरावी लागत असेल, तर हेवर्डसारख्याला मोल येतं, कारण तिथे गुण देणारे खेळाडू मोजकेच असतात. डिफेन्सिव्ह टॅकल आणि एज (कडेचे लाइनमन) एकाच जागेत धरत असतील तर ते मोल बरंच उतरतं. मग त्याचा करार बघा: हमी रक्कम संपली का? संघाने एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, वरच्या फेरीत, त्याच जागेचा मुलगा घेतला का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर मी हात आखडता घेते.

राहिला प्रश्न वेळेचा. जेतेपदाच्या शर्यतीत असाल, तर ऑगस्टमध्ये तिसऱ्या फेरीच्या पिकवर असा खेळाडू खुशाल घ्या. संघ नव्याने बांधत असाल आणि असा खेळाडू तुमच्याकडे असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, समोरच्याचा एखादा लाइनमन जखमी झाला की, लगेच विका. फेब्रुवारीपर्यंत थांबू नका. तेव्हा गिऱ्हाईक नसतं आणि निवृत्तीच्या बातम्या त्याच सुमाराला येतात.