प्रार्थनास्थळांचा पाठ आणि आपली मुले

पुनावळे हे काही वर्षांपूर्वीपर्यंत शेतीवाडीचे गाव होते. आज मुंबई–बंगळुरू महामार्गाच्या कडेला तेथे उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. हिंजवडी, तळवडे, चाकण येथील कंपन्यांत काम करणारी कुटुंबे देशाच्या नाना भागांतून येऊन तेथे वसली आहेत. एकाच मजल्यावर चार दारे असतात आणि चारही दारांमागची उपासना वेगवेगळी असू शकते. मुले मात्र एकाच बसने शाळेत जातात व एकाच बाकावर बसतात.

अशा वसाहतीतील एखाद्या मुस्लिम घरात पुढील प्रसंग सहज घडू शकतो. तिसरी-चौथीतील मुलगी 'आपली प्रार्थनास्थळे' हा पाठ घरी घेऊन येते. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशी चार चित्रे आणि त्यांच्या जोड्या लावायच्या. सोबत शाळेची चिठ्ठी असते की, पुढील आठवड्यात वर्गाला जवळच्या मंदिरात व गुरुद्वाऱ्यात नेण्यात येणार आहे. मुलगी विचारते, "अम्मी, मी जाऊ का? आणि माझी मैत्रीण विचारत होती, मशिदीत तुमचा देव कुठे ठेवलेला असतो? मला काही सांगताच आले नाही."

मुलीने येथे दोन प्रश्न केले आहेत. पहिला प्रश्न इतरांविषयी किती व कसे जाणून घ्यावे, हा आहे. दुसरा प्रश्न आपल्याविषयी काय सांगावे, हा आहे. पुष्कळ घरांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात दिले जाते. कोणी म्हणतो, "नको." कोणी म्हणतो, "जा, त्यात काय एवढे!" दुसरा प्रश्न तर अनुत्तरितच राहतो. या दोन्ही प्रश्नांचा विचार दीनच्या प्रकाशात करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पवित्र कुरआनचे मार्गदर्शन

सूरह अल्-हज्जच्या 40व्या आयतीचा आशय येथे प्रथम लक्षात घेतला पाहिजे. अल्लाहने काही लोकांकरवी इतर काही लोकांना रोखले नसते, तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनागृहे आणि ज्यांत अल्लाहचे नाव पुष्कळ घेतले जाते त्या मशिदी उद्ध्वस्त झाल्या असत्या, असे तेथे सांगितले आहे. अत्याचार सोसणाऱ्या मुस्लिमांना प्रतिकाराची परवानगी देणाऱ्या आयतींतील हा भाग आहे. म्हणजे शस्त्र हाती घेण्याच्या परवानगीबरोबरच इतरांच्या उपासनागृहांचा उल्लेख आला आणि त्या यादीत मशिदीचे नाव सर्वांत शेवटी आले. मुलांना हा क्रम आवर्जून दाखवावा.

दुसरे मार्गदर्शन सूरह अल्-अन्आमच्या 108व्या आयतीत आहे. लोक अल्लाहखेरीज ज्यांचा धावा करतात त्यांना अपशब्द बोलू नका, नाहीतर अज्ञानापोटी तेही अल्लाहविषयी अपशब्द काढतील, असा तिचा भाव आहे. ही आज्ञा मुस्लिमाच्या जिभेला आहे. समोरचा काय बोलतो, यावर ती अवलंबून नाही. घरात जेवताना वडीलधाऱ्यांनी केलेली टिंगल मूल दुसऱ्या दिवशी वर्गात नेते. तेथे या आयतीचा भंग लहान मुलाच्या तोंडून होतो. पण त्याचा हिशेब मोठ्यांना द्यावा लागेल.

तिसरे मार्गदर्शन सूरह अल्-हुजुरातच्या 13व्या आयतीत आहे. मानवाची राष्ट्रे व कुळे यासाठी केली की, माणसांनी एकमेकांना ओळखावे. ओळख ही माहितीवाचून होत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की, सर्व उपासना सारख्याच आहेत, असे मुलांना शिकवावे. तौहीद हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे आणि शिर्कपासून दूर राहणे ही त्याची अट आहे. सूरह अल्-काफिरून हा भेद स्पष्ट शब्दांत मांडते. दुसऱ्याचा आदर करण्यासाठी स्वतःची श्रद्धा पातळ करावी लागत नाही, हेच मुलाने शिकायचे आहे.

पूर्वजांचे आचरण

नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदीनेत आले, तेव्हा त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मशिदीतच प्रार्थना करू दिली व त्यांनी पूर्वेकडे तोंड करून ती केली, असे इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये आले आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सेनापतीला निरोप देताना मठांत उपासनेला वाहून घेतलेल्यांना त्रास देऊ नये, अशी ताकीद दिली होती. हजरत उमर (रजि.) जेरुसलेमला गेले तेव्हा तेथील प्रमुख चर्चमध्ये नमाज पढण्याची विनंती त्यांना करण्यात आली. त्यांनी ती नाकारली. खलिफाने येथे नमाज पढली, या सबबीवर पुढे मुस्लिमांनी चर्च ताब्यात घेऊ नये, हे त्यांचे कारण होते. हा प्रसंग एका ख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवला आहे.

जाणून घेण्याच्या शिस्तीचा आदर्श पाहावयाचा तर अल्-बिरूनी यांचा पाहावा. सुमारे हजार वर्षांपूर्वी या मुस्लिम विद्वानाने भारतीयांचे धर्म समजून घेण्यासाठी संस्कृत भाषा शिकली आणि 'किताब अल्-हिंद' हा ग्रंथ सिद्ध केला. आपला ग्रंथ वादविवादासाठी नाही, लोक जे मानतात ते जसेच्या तसे मांडण्यासाठी आहे, अशी त्यांची भूमिका होती. ते अखेरपर्यंत मुस्लिमच राहिले. अभ्यासाने त्यांच्या ईमानला बाधा आली नाही.

आपल्या परिसराची शाळा

चार चित्रांच्या जोड्या लावून हा विषय कळत नाही. पुनावळ्याच्या आसपासचा परिसर मात्र एखाद्या उघड्या पुस्तकासारखा आहे. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावी यांचे समाधी मंदिर आहे. देहू हे संत तुकारामांचे गाव. तेथून आषाढी वारीसाठी निघालेली पालखी प्रथम अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ विसावते व पुढे आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते.

देहूरोडला बुद्धविहार आहे. तेथे 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. येथे मुलांना एक महत्त्वाचा भेद सांगता येतो. बौद्ध विहारात सृष्टिकर्त्या ईश्वराची आराधना होत नाही. तेथे बुद्ध, धम्म व संघ यांना वंदन करतात. जैन मंदिरातील तीर्थंकरही जगाचे निर्माते मानले जात नाहीत. गुरुद्वाऱ्यात मूर्ती नसते. तेथे गुरु ग्रंथ साहिबला आदराचे स्थान असते, डोके झाकून आत जावे लागते आणि लंगरमध्ये सर्वांना एका पंगतीत जेवण मिळते. पारशांच्या अग्यारीत पवित्र अग्नी सतत तेवत ठेवला जातो व इतर धर्मीयांना आत प्रवेश नसतो. तो नियम पाळून बाहेरूनच पाहणे, हाही आदराचाच धडा आहे.

पुण्याच्या कॅम्प भागात डेव्हिड ससून यांनी बांधविलेले ओहेल डेव्हिड हे यहुद्यांचे प्रार्थनागृह आहे. त्याचे काम 1867 साली पूर्ण झाले. तांबड्या विटांच्या या वास्तूला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. मुंबईत मात्र 1796 सालचे बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनागृह 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाई आणि मस्जिद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. एकाच धर्माचे उपासनागृह एका शहरात देऊळ झाले आणि दुसऱ्या शहरात मशीद! शेजाऱ्याच्या अपरिचित वास्तूला लोकांनी आपल्या ओळखीचे नाव दिले. त्यात द्वेष नव्हता. पण पूर्ण माहितीही नव्हती. ती उणीव भरून काढणे हे शिक्षणाचे काम आहे.

पाहणे आणि उपासना करणे

आता शाळेच्या चिठ्ठीकडे वळू. पालकांची खरी काळजी ही असते की, मूल तेथे गेल्यावर त्याच्या कपाळी टिळा लावतील, हातात आरतीचे ताट देतील, प्रसाद देतील. आणि मूल वर्गासमोर एकटे पडेल किंवा गुपचूप सर्व काही करून घरी लपवील. ही काळजी अनाठायी नाही. लपविण्याची सवय तर सर्वांत घातक आहे.

माहिती घेणे आणि उपासनेत भाग घेणे यांतील रेषा पालकांनी मुलाला आधीच समजावून द्यावी. वास्तू पाहणे, प्रश्न विचारणे, शांत उभे राहणे, पादत्राणे काढणे हा शिष्टाचार आहे. पूजा, आरती, हात जोडून वंदन, टिळा व नैवेद्याचा प्रसाद हा उपासनेचा भाग आहे. तो आपण करीत नाही. नकार देतानाही शब्द गोड असावेत. "आभारी आहे, आमच्या घरी हे करीत नाहीत," एवढे पुरे.

मूर्ती असलेल्या स्थळी प्रवेश करावा की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. चित्रे व प्रतिमा असल्याने आपण चर्चमध्ये जात नाही, असे हजरत उमर (रजि.) म्हणत, तर प्रतिमा नसलेल्या चर्चमध्ये इब्ने अब्बास (रजि.) नमाजही पढत, अशी नोंद सहीह बुखारीत आहे. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून निर्णय घ्यावा आणि वेगळा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला दूषण देऊ नये.

देशाचा कायदाही येथे साहाय्यकारी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार, सरकारमान्य वा अनुदानित शाळेतील विद्यार्थ्याला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. त्याच वेळी, निरनिराळ्या धर्मांची माहिती देणे म्हणजे धार्मिक उपदेश नव्हे, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय प्रकरणात मान्य केला. तेव्हा पालकांनी भांडणाची भाषा न करता वर्गशिक्षिकेला दोन ओळी लिहाव्यात : "आमची मुलगी माहिती घेण्यासाठी आनंदाने येईल. पूजा, टिळा व प्रसाद यांतून तिला वगळावे, ही विनंती." आणि तिसरी ओळ जोडावी : "वर्गाला मशीद पाहावयाची असल्यास आम्ही व्यवस्था करू."

मशिदीत काय असते?

ही तिसरी ओळ लिहिण्यापूर्वी मुलीच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर घरात तयार असले पाहिजे. मशिदीत अल्लाहची मूर्ती किंवा चित्र नसते, कारण त्याच्यासारखे काहीच नाही. मशीद हे सजदा करण्याचे ठिकाण आहे. शब्दाचा अर्थच तो आहे. मिहराब किब्ल्याची दिशा दाखवितो. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. मिंबरवरून शुक्रवारी खुतबा दिला जातो. वुजूखान्यात हात, तोंड व पाय धुतले जातात. रांगेत मालक व मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पुस्तकात मशिदीचे चिन्ह म्हणून चंद्रकोर काढलेली असते. पण तिची उपासना होत नाही आणि मशिदीला ती आवश्यकही नाही. प्रेषितांच्या (स.) हदीसनुसार सारी पृथ्वीच नमाजसाठी मशीद ठरविली गेली आहे. म्हणून जवळ मशीद नसलेल्या सोसायटीतील स्वच्छ खोलीतही नमाज होते.

महाराष्ट्रातील काही शहरांत 'मशीद परिचय' हा उपक्रम होतो. आपल्या मशिदीच्या विश्वस्तांना विनंती करून नमाजच्या वेळा सोडून एखाद्या वर्गाला बोलवावे आणि माहिती सांगण्याचे काम मुलांकडे द्यावे. जे मूल आपली मशीद समजावून सांगू शकते, त्याला दुसऱ्याच्या मंदिरासमोर उभे राहताना न भीती वाटते, न तुच्छता.

घरी करावयाचा अभ्यास

1. सूरह अल्-हज्जची 40वी आणि सूरह अल्-अन्आमची 108वी आयत मराठी अनुवादासह मुलांबरोबर वाचावी व प्रत्येकाने आपल्या शब्दांत अर्थ सांगावा.

2. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर कोणकोणती उपासनास्थळे आहेत, त्यांचा नकाशा मुलांनी काढावा.

3. शेजारच्या काका-काकूंना मुलाने एकच प्रश्न आदराने विचारावा : "आपल्या उपासनास्थळी गेल्यावर आपण प्रथम काय करता?" उत्तर जसे मिळाले तसे लिहावे, त्यावर शेरा लिहू नये.

4. "मशिदीत देव कुठे असतो?" या प्रश्नाचे उत्तर मुलाने पाच वाक्यांत तयार करावे.

5. इतर धर्मांविषयी आपल्या घरात कोणते टिंगलीचे शब्द वापरले जातात, हे मोठ्यांनी मुलांनाच विचारावे आणि ते शब्द त्या दिवसापासून सोडावेत.

पाचवा अभ्यास सर्वांत कठीण आहे आणि तो मुलांचा नसून आपला आहे. अल्लाह आपल्या मुलांना ईमानवर दृढ ठेवो, त्यांच्या जिभेला सौजन्य देवो आणि आपल्या शेजाऱ्यांसाठी त्यांना शांतीचे कारण बनवो. आमीन.