संगणकीय विचाराचे मोजमाप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये गणिती व संगणकीय विचारावर शालेय जीवनाच्या आरंभापासून भर देण्यात आला असून, इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सुचविण्यात आले आहेत. नवा विषय आला की त्याची परीक्षा कशी घ्यावयाची, हा प्रश्न ओघानेच येतो.

संगणकीय विचार म्हणजे संगणक चालविण्याचे कौशल्य नव्हे. मोठ्या प्रश्नाचे लहान भाग पाडणे, त्यांतील साम्य हेरणे, अनावश्यक तपशील बाजूस सारणे आणि उत्तराकडे नेणाऱ्या पायऱ्या नेमक्या क्रमाने मांडणे, ही त्याची प्रमुख अंगे होत. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जनेट विंग यांनी २००६ साली लिहिलेल्या लेखामुळे या संकल्पनेकडे जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले.

या क्षमतेची पारख केवळ अंतिम उत्तरावरून होत नाही. एक साधे उदाहरण पाहू. वर्गातील सर्वांत उंच विद्यार्थ्याची उंची शोधण्यासाठी पुढील सूचना फळ्यावर लिहिल्या आहेत : पहिली उंची वहीत नोंदवा, त्यानंतरची प्रत्येक उंची तिच्या लगतच्या आधीच्या उंचीशी ताडून पाहा, ती अधिक असल्यास जुनी नोंद खोडून नवी करा. १३८, १४०, १४५ व १५० सेंटिमीटर या क्रमाने उंची घेतल्यास उत्तर १५० येते आणि ते बरोबर आहे. मात्र १४०, १५०, १३८ व १४५ असा क्रम घेतल्यास वहीत शेवटी १४५ उरतात! कारण तुलना आधीच्या विद्यार्थ्याशी नव्हे, तर वहीतील नोंदीशी व्हावयास हवी होती.

केवळ उत्तर तपासणारा परीक्षक पहिल्या क्रमावर पूर्ण गुण देईल आणि सदोष रीत निर्दोष ठरेल. म्हणून विद्यार्थ्यास तीन गोष्टी विचाराव्यात : सूचना कोणत्या क्रमात फसतील, चूक नेमकी कोठे आहे आणि ती कशी दुरुस्त करावी. या तिन्हींना स्वतंत्र गुण असावेत. विद्यार्थ्याने कच्चे काम खोडून न टाकता तसेच ठेवावे, कारण विचाराची वाटचाल शिक्षकास तेथेच दिसते.

लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली ‘बेब्रास’ स्पर्धा आज अनेक देशांत घेतली जाते. तिच्यातील कोडी सोडविण्यास संगणकाच्या भाषेचे पूर्वज्ञान लागत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : ज्या गावच्या शाळेत संगणक अद्याप पोहोचलेला नाही, तेथेही या क्षमतेचे मूल्यमापन वही व पेन्सिल यांच्या साहाय्याने करता येते.

संगणक कक्षाची मागणी पंचायतीने अवश्य लावून धरावी. परंतु कक्ष उभा राहीपर्यंत मुलांचा विचार थांबवून ठेवण्याचे कारण नाही.