आईकडून आलेला पासपोर्ट

घोडेगाव

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला. ‘ब्रिटिश नागरिकत्व काढून देतो’ म्हणणाऱ्या त्या एजंटला छदामही देऊ नकोस. काढून द्यायला ते कुठे अडकलेलंच नाही. ताई 1971 साली लीड्सला जन्मली, तेव्हा आबा तिथल्या इस्पितळात होते. त्या काळी तिथे जन्मलेलं मूल ब्रिटिश ठरे, वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं सोडून. पुढे 1983 ला नवा कायदा लागू झाला आणि मुलाला नागरिकत्व देताना आई-बाप सारखे धरले गेले. म्हणजे 2001 साली तू मंचरला जन्मलास तो त्यांच्या लेखी ब्रिटिश होऊनच. मी ताईच्या पाठीवर मंचरलाच जन्मलो, मला काही नाही. त्याचं दुःखही नाही.

1983 च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाचा फक्त बाप बघायचे. अशा मुलांना आईकडून हक्क मागायची वाट 2003 पासून मोकळी होत गेली, तरी शेली रोमेन नावाच्या बाईंचा याच हक्काचा खटला 2018 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. इंग्रजांना नावं ठेवायला नकोत. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व द्यायला आपणही 1992 चा डिसेंबर उजाडू दिला.

तुला थेट पासपोर्टचाच अर्ज करायचाय, पण कागद चोख हवेत. ताईकडे जन्मदाखल्याची छोटी प्रत आहे, तिच्यावर आई-वडिलांची नावंच नाहीत. इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातून पूर्ण प्रत मागव. त्या प्रतीवर ताईचं माहेरचं नाव, तुझ्या दाखल्यावर सासरचं, त्यात लग्नात पहिलं नावही बदललेलं. तिकडच्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटणार. विवाह नोंदणीचा दाखला जोडल्याशिवाय पाकीट बंद करू नकोस.

आता माझा स्वार्थ धरून वाच हवं तर. तो पासपोर्ट घेतलास की भारताचं नागरिकत्व गेलं. परदेशी पासपोर्ट काढणं हाच आपल्या नियमांत स्वेच्छेने परका झाल्याचा पक्का पुरावा. मग इथला पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय कार्ड काढायचं. त्यावर येणं-जाणं, राहणं सगळं होतं, पण मत नाही, आणि शेतजमीन ना विकत घेता येत ना बक्षीस म्हणून. वारसाने मात्र येते. त्यामुळे आबांच्या जमिनीतला ताईचा वाटा तुला पुढेमागे मिळेलच. तिला बक्षीसपत्रच करायचं असेल, तर ते पासपोर्टच्या आधी. नंतर चालणार नाही.

पासपोर्ट आला की विद्यापीठाची फी उतरेल, हे डोक्यातून काढ. त्यासाठी आधी तीन वर्षं तिथे राहिलेला असावा लागतोस. जुन्नरची सोयरीक ठरली आणि मुलं इथेच झाली, तर हा हक्क त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. परदेशात जन्मलेल्या एका पिढीवर तो थांबतो, ती पिढी तू.

महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंच्या तालुक्यातला पोरगा इंग्रजांचा पासपोर्ट घेतो म्हणून पारावर टोमणे बसतील. ते मी बघून घेईन. तिकडेच राहायचं पक्कं असेल तर खुशाल घे. नुसता हाताशी असावा म्हणून घेणार असशील तर थांब. हक्क जन्माचा आहे, तो शिळा होत नाही. सातबारा आणि फेरफाराच्या नकला मी या आठवड्यात काढतो. वाटणी बघितल्याशिवाय अर्ज भरू नकोस.

तुझा
मामा