व्यवसायाची निवड आणि संदर्भसाधने

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीकाठी असलेले वारजे १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी ते हवेली तालुक्यातील एक गाव होते. जुन्या गावात कोणी कोणते काम करावयाचे, हे बहुधा जन्माबरोबरच ठरत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात कुणबी, बलुतेदार व अलुतेदार यांची कामे आणि हक्क यांचे तपशीलवार वर्णन आढळते. सुताराच्या मुलाला व्यवसायाची माहिती शोधावी लागत नसे. ती त्याला घरातच मिळे.

आज त्याच वारज्यातील दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींपुढे असंख्य वाटा खुल्या आहेत. परंतु त्यांची माहिती घरात असतेच असे नाही. मग शेजाऱ्यांचा सल्ला, मित्रांचे अनुकरण आणि शिकवणी वर्गांच्या जाहिराती यांवर निर्णय घेतला जातो. निर्णय चुकला तर उमेदीची दोन-तीन वर्षे आणि कुटुंबाची शिल्लक या दोहोंस मुकावे लागते. ही हानी टाळावयाची असेल तर योग्य प्रश्न योग्य साधनाला विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. असे प्रश्न मुख्यतः चार आहेत.

कामाचे स्वरूप काय?

या प्रश्नासाठी केंद्र शासनाचे ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण’ हे मूलभूत साधन होय. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत सुमारे ३,६०० व्यवसायांची नोंद असून प्रत्येकास आठ अंकी क्रमांक देण्यात आला आहे. त्यातील पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणाशी जुळणारे आहेत. उदाहरणार्थ, परिचर्येचे काम २२२१ आणि ३२२१ अशा दोन गटांत आढळते. पहिला अंक २ असलेला गट उच्च शिक्षणाची अपेक्षा असलेल्या व्यावसायिकांचा, तर ३ असलेला गट तंत्रज्ञ व सहयोगी व्यावसायिकांचा आहे. ‘मला नर्स व्हायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलीला आपण कोणत्या पायरीविषयी बोलत आहोत, हे येथेच उमगते. व्यवसायाची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी मराठी विश्वकोशातील उद्योग, शास्त्रे व कला यांवरील नोंदीही उपयुक्त ठरतात.

प्रवेशाचा मार्ग कोणता?

याचे उत्तर संस्थेच्या माहितीपुस्तिकेत न शोधता त्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या यंत्रणेकडे शोधावे. परिचर्येसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद, तंत्रशिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, तर विद्यापीठांच्या मान्यतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोग या यंत्रणा आहेत. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. शुल्क भरण्यापूर्वी ती अवश्य पाहावी.

संधी कोठे आहेत?

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी १९४५ साली देशात रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली. त्याच परंपरेत आज जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे कार्य करतात. १९७६ पासून निघणारे ‘रोजगार समाचार’ हे साप्ताहिक, २०१५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय करिअर सेवा आणि राज्याचे ‘महास्वयम्’ संकेतस्थळ ही साधनेही हाताशी आहेत. एका आठवड्याच्या जाहिरातींवरून मात्र अनुमान काढू नये. काही महिने नोंदी ठेवल्या, म्हणजे कोणत्या पात्रतेला खरोखर मागणी आहे हे लक्षात येते.

मी या कामास योग्य आहे काय?

येथे ग्रंथ अपुरे पडतात. १९६२ साली स्थापन झालेल्या पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांत अभिक्षमता चाचण्यांची सोय आहे. चाचणी दिशा दाखविते, निकाल देत नाही. म्हणून त्या व्यवसायातील दोन-तीन व्यक्तींशी प्रत्यक्ष बोलावे. एक दिवस कसा जातो, पहिल्या वर्षी काय मिळते आणि कोणता त्रास सोसावा लागतो, हे मोकळेपणाने विचारावे.

प्रकाशनवर्ष पाहणे आवश्यक

कोणतेही साधन उघडताना त्याचे वर्ष प्रथम पाहावे. वारज्यातून शिवणे, उत्तमनगरमार्गे जाणारा रस्ता खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जातो. २०२१ पूर्वीच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत तेथील प्रवेश केवळ मुलांसाठी असल्याचे आढळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींना प्रवेश परीक्षेस बसता आले आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या मुलीला घराजवळचे हे दार बंदच वाटले असते.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी एक साधी वही करावी. प्रत्येक व्यवसायास एक पान द्यावे आणि त्यावर वरील चार प्रश्नांची उत्तरे, माहितीचे साधन व त्याचे वर्ष लिहावे. ज्या उत्तराला जाहिरातीखेरीज दुसरा आधार नाही, त्याखाली लाल रेघ ओढावी. अशी रेघ असलेल्या पानावरील अभ्यासक्रमाचे शुल्क, दुसरा आधार मिळेपर्यंत, भरू नये.